जर्मनीत आफ्रिकन सहकाऱ्याला घर मिळत नाही. साक्षीदार म्हणून मी काय करावे?

सालेकाठचा

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून पूर्व जर्मनीतील हाले या शहरात राहतो आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. ज्याच्याबद्दल लिहीत आहे तो तिथेच परिचारक आहे. सेनेगालच्या दक्षिणेकडील कासामान्स भागातून चार वर्षांपूर्वी तो इथे आला. त्याचे नाव लिहीत नाही, नुसते 'मित्र' म्हणतो. त्याची जर्मन भाषा माझ्याहून कितीतरी चांगली आहे, कारण त्याला दिवसभर म्हाताऱ्या रुग्णांशी बोलावे लागते आणि मला परीक्षानळ्यांशी.

पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीला इथे आणायची त्याची धडपड चालू आहे. कुटुंब इथे येणार तर पुरेशी जागा हवी आणि तो सध्या एका खोलीत राहतो. म्हणजे घर नाही तर कुटुंब नाही, असा सरळ हिशोब आहे. पाच महिन्यांत त्याने ४३ ठिकाणी अर्ज केले. त्याची एक निळी फाइल आहे. तिच्यात शूफा या पतनोंदणी संस्थेचे पतपत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि आधीच्या घरमालकाने दिलेले थकबाकी नसल्याचे पत्र, सगळे प्लास्टिकच्या पाकिटांत क्रमाने लावलेले असते.

गेल्या मंगळवारी न्याहारीच्या सुट्टीत त्याने एका घरव्यवस्थापन कार्यालयाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या, की ती जागा कालच दिली गेली. वीस मिनिटांनी आमच्या एका जर्मन सहकारिणीने त्याच जागेसाठी त्याच क्रमांकावर फोन केला. तिला विचारण्यात आले, "गुरुवारी साडेचारला पाहायला येणे जमेल का?" तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. कोणीच काही बोलले नाही. मित्राने फाइलचे रबर लावले आणि म्हणाला, "चला, सात नंबरचे सलाइन संपत आले असेल."

दोन्ही फोन मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. मी तक्रारीचा विषय काढला, तर तो म्हणतो, "मला खटला नको, घर हवे." आग्रह धरावा की गप्प बसावे, हे मला समजत नाही. आपण मंडळी काय म्हणता?

कायद्याचा_कीस

आग्रह धरायचा की नाही हा पुढचा प्रश्न आहे. आज रात्री जेवणाआधी एक गोष्ट करा. तारीख, वेळ, कोणता क्रमांक, कोणी काय उत्तर दिले, हे त्याच शब्दांत एका कागदावर लिहा आणि आपण व त्या सहकारिणीने वेगवेगळ्या सह्या करा. स्मरणशक्ती फार लवकर सोयीची होते.

जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा सर्वसाधारण कायदा आहे आणि तो घरभाड्यालाही लागू होतो. त्याच्या २२ व्या कलमात अर्जदाराच्या सोयीची एक तरतूद आहे. भेदभाव झाला असावा असे दाखवणारी लक्षणे अर्जदाराने पुढे ठेवली, की तसे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. एकाला 'जागा गेली' आणि वीस मिनिटांनी दुसऱ्याला 'गुरुवारी या', हे असेच एक लक्षण आहे. मात्र मुदत फक्त दोन महिन्यांची असते. तेवढ्यात दावा कळवला नाही तर तो बुडतो. घरमालक त्याच वास्तूत राहत असेल तर कायदा त्याला काही सूट देतो. कार्यालयामार्फत चालणाऱ्या मोठ्या इमारतीत ती लागू होणे कठीण आहे.

आणखी एक. दावा कळवणे म्हणजे कोर्टात उभे राहणे नव्हे. ते एक पत्र असते आणि भेदभावविरोधी सल्लाकेंद्रे ते लिहायला मदत करतात. मित्राला 'खटला' हा शब्द नको असेल, तर 'पत्र' हा शब्द वापरून पाहा.

पानशेत

मला यात एवढे आश्चर्य वाटत नाही. घर ज्याचे, मर्जी त्याची. आपल्या पुण्यात अविवाहितांना देत नाहीत, मांसाहारी मंडळींना देत नाहीत, वकिलांना तर मुळीच देत नाहीत. त्याला कोणी वंशद्वेष म्हणत नाही. घरमालकालाही आपल्या भिंतींची आणि शेजाऱ्यांची काळजी असते. चाळीस ठिकाणी नकार आला, एक्केचाळिसाव्या ठिकाणी होकार येईल.

वाचक४२

@पानशेत, अर्ज ४३ झाले आहेत, त्यामुळे आपला एक्केचाळिसावा होकार हुकला.

श्टुटकर

आमच्या श्टुटगार्टकडे माणसाचा रंग नंतर पाहतात, जिना नीट पुसता येतो की नाही हे आधी विचारतात. माझी पुसण्याची पाळी चुकली तेव्हा खालच्या आजींनी, पाळी कोणाची हे दाखवणारी पाटी माझ्या दारावरून दोन आठवडे हलवली नव्हती. मित्राला म्हणावे, अर्जासोबत फडक्याचा फोटो जोडा.

अनुराधा_एसेन

@श्टुटकर, हसू आले हे कबूल करते, पण जिना पुसण्याची पाळी येण्यासाठी आधी त्या जिन्यावर राहायला मिळावे लागते.

मी व्यवहाराचे सांगते. आमचे आडनाव तेरा अक्षरी आहे आणि सुरुवातीच्या काळात आमच्या ईमेलना उत्तरेच येत नसत. मग नवऱ्याने सहीत नावाआधी 'डॉ.' लावायला सुरुवात केली (तो खरोखर डॉक्टरेट आहे, पण घरात कोणी त्याला तसे मानत नाही). त्याच आठवड्यात तीन ठिकाणांहून बोलावणे आले. मी स्वतःचे नाव 'अनु' असे लिहिते. मित्रानेही पहिल्या ईमेलमध्ये नाव आखूड करावे, किंवा त्या जर्मन सहकारिणीला फोन करू द्यावा आणि पाहायला मात्र स्वतः जावे. तत्त्वे नंतर सांभाळता येतात, मुलगी सहा वर्षांची एकदाच असते.

रेवती_म

अनुराधाताई, आपला सल्ला पटतो आणि टोचतोही. नाव आखूड केल्याने ईमेलचे उत्तर येईल, पण गुरुवारी साडेचारला दार उघडल्यावर काय? आपल्याला 'डॉ.' मागे लपता आले, त्याला त्याचा चेहरा कुठे लपवता येणार?

नावाबद्दलची शंका निव्वळ मनाचा खेळ नाही. २०१७ मध्ये बव्हेरियाची नभोवाणी आणि 'श्पीगल' साप्ताहिक यांच्या पत्रकारांनी काल्पनिक नावांनी घरांसाठी सुमारे २०,००० चौकश्या पाठवल्या होत्या. जिथे जर्मन नावाला बोलावणे आले, तिथे दर चारांपैकी एका वेळी अरबी नाव डावलले गेले. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने आफ्रिकी वंशाच्या लोकांची १३ देशांत पाहणी केली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. मागील पाच वर्षांत वांशिक भेदभाव अनुभवल्याचे एकूण ४५ टक्के लोकांनी सांगितले. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते.

धीर देण्यासाठी एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते, कारण तीही हाले शहराचीच आणि कासामान्सचीच आहे. काराम्बा डियाबी १९६१ मध्ये कासामान्समधील मार्सासूम या गावी जन्मले, लहानपणीच पोरके झाले आणि १९८५ मध्ये शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनीत आले. लाइपझिगला भाषा शिकून त्यांनी हाले येथे रसायनशास्त्र घेतले. डॉक्टरेटचा विषय काय, तर हालेमधील वसाहतबागांची माती! जर्मन माणूस आठवड्याच्या सुट्टीत ज्या चिमुकल्या भाड्याच्या बागेत टोमॅटो आणि बुटकी सफरचंदाची झाडे लावतो, त्या बागांच्या मातीतली प्रदूषके त्यांनी तपासली. कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलायला याहून चांगले निमित्त शोधून सापडणार नाही. २०१३ मध्ये ते जर्मन संसदेत निवडून गेले. आफ्रिकेत जन्मलेले ते पहिलेच कृष्णवर्णीय खासदार.

वाचक४२

रेवतीताई, डियाबींची गोष्ट तिथे थांबत नाही. जानेवारी २०२० मध्ये हालेमधील त्यांच्या कार्यालयाच्या काचेत गोळ्यांची भोके सापडली. मे २०२४ मध्ये त्याच कार्यालयाला आग लावण्याचा प्रकार झाला. जीवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे तर नेहमीचीच होती. त्याच वर्षी त्यांनी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले.

मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ४३ नकार पचवलेल्या माणसाला खासदाराचे उदाहरण देणे म्हणजे नापास मुलाला पहिल्या आलेल्याचा फोटो दाखवणे. परिचारकाला नुसते परिचारक म्हणून, काही असामान्य न करता, दोन खोल्यांचे घर मिळायला हवे.

म्हातारा_लाइपझिगी

मी १९८४ ते १९८७ या काळात यंत्रविषयक प्रशिक्षणासाठी लाइपझिगला होतो, त्यामुळे जुन्या पूर्व जर्मनीबद्दल थोडे लिहिण्याचा अधिकार घेतो. आम्हा भारतीयांना 'पाहुणे' म्हणून बरी वागणूक मिळाली. आमच्याच कारखान्यात मोझांबिकची मुले करारावर काम करत. त्यांचे वसतिगृह वेगळे होते, दारावर पहारेकरी बसे आणि पाहुण्याचे नाव वहीत लिहावे लागे. अधिकृत भाषेत सगळे 'मैत्री' आणि 'बंधुत्व' होते. कँटीनमध्ये मात्र त्यांच्या टेबलावर दुसरे कोणी बसत नसे. मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो नाही, कारण माझ्या फोरमनने सहज विचारले, की तुझे तिकडे काय काम आहे. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

मोझांबिकशी तो करार १९७९ मध्ये झाला होता. कामगारांच्या पगाराचा मोठा हिस्सा कापला जाई आणि मायदेशी परत गेल्यावर तो मिळेल असे त्यांना सांगितले जाई. प्रत्यक्षात ती रक्कम देशाच्या कर्जफेडीत वळती झाली. १९९० मध्ये कारखाने बंद पडले आणि बहुतेकांना विमानात बसवून परत पाठवण्यात आले. मापुटो शहरात हे लोक स्वतःला 'मॅडजर्मन्स' म्हणवतात, आणि आपल्या पैशांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. गंमत अशी, की त्या मोर्च्यांत आता अस्तित्वातच नसलेल्या पूर्व जर्मनीचा झेंडा असतो.

मागे राहिलेल्यांचे काय झाले? अंगोलाचा अमादेऊ अंतोनियो विमान अभियांत्रिकी शिकायचे म्हणून १९८७ मध्ये आला आणि त्याला खाटिककाम दिले गेले. नोव्हेंबर १९९० मध्ये, दोन्ही जर्मनी एक होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा एबर्सवाल्डे गावात तरुणांच्या टोळक्याने त्याला मारले. ६ डिसेंबरला तो गेला. वय २८. पोलीस जवळपास होते, पण वेळेत मध्ये पडले नाहीत. त्याच्या मुलाचा जन्म त्यानंतर झाला. गुन्हेगारांना झालेली सर्वांत मोठी शिक्षा चार वर्षांची होती. हालेहून जवळच असलेल्या देसाउमध्ये अल्बेर्तो आद्रियानो हा मोझांबिकचा माणूस जून २००० मध्ये रात्री बागेतून घरी जाताना असाच मारला गेला. त्याला तीन मुले होती.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या मित्राने 'मला खटला नको' म्हटले, तर ते भित्रेपणाचे वाक्य समजू नये इतकेच म्हणायचे आहे. त्या भागात रात्रपाळी संपवून ट्रामने घरी जाणाऱ्या माणसाचा हिशोब आपल्याहून वेगळा असतो.

इडलीभक्त

आणि 'आपण भारतीय वेगळे' या भ्रमात कोणी राहू नये. ऑगस्ट २००७ मध्ये सॅक्सनीतील म्युगेल्न गावच्या उत्सवात आठ भारतीयांचा जमावाने पाठलाग केला होता आणि त्यांना एका पिझ्झाच्या दुकानात आश्रय घ्यावा लागला होता. टोळक्याने पारपत्रे तपासून पाहिली नव्हती.

धागाकर्त्याला एक प्रश्न आहे. त्या मंगळवारी जर्मन सहकारिणीने फोन केला. आपण का नाही केला?

सालेकाठचा

@इडलीभक्त, या प्रश्नाचे उत्तर टाळता आले असते तर बरे झाले असते. फोन माझ्या हातात होता. क्रमांकही लावला होता. पण मला भेटीची वेळ मिळाली असती, तर त्याच्याकडे पाहायचे कसे, हे मला कळेना. आणि मिळाली नसती, तर अकरा वर्षे या शहराबद्दल मी स्वतःला जे सांगत आलो आहे, त्याचे काय करायचे हेही कळेना. मी फोन खिशात टाकला. मग सहकारिणी म्हणाली, "दे, मी करते."

@कायद्याचा_कीस, टिपण लिहिले, दोघांच्या सह्या झाल्या. आभार.

ताम्हिणी

@पानशेत, मी पुण्यात घर भाड्याने देणारी घरमालकीण आहे, तेव्हा 'भिंतींची काळजी' मला चांगली माहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतला एक विद्यार्थी माझी जागा पाहायला आला. पदव्युत्तर शिक्षण घेत होता, बूट दाराबाहेर काढून आत आला. मी होकार दिला आणि संध्याकाळी सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. 'ताई, तुम्हाला माहीतच आहे, ही मंडळी...' हे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही आणि मीही पूर्ण करायला लावले नाही. परदेशी भाडेकरू ठेवला, की तेव्हा चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरून नोंदणी कार्यालयाला कळवावे लागे. तो भरण्यात मला अडचण नव्हती. मी अनामत रक्कम मात्र दुप्पट मागितली. त्याने कुरकुर न करता दिली. त्याच्या आधीच्या फ्रेंच मुलीकडून मी एकपटच घेतली होती, हे मला दोन वर्षांनी पैसे परत करताना, चेक लिहिता लिहिता लक्षात आले. भिंतीला एक खिळा तेवढा जास्त ठोकलेला होता.

त्यामुळे 'पुण्यातही असेच असते' हे आपले वाक्य खरे आहे. फक्त ते बचाव म्हणून वापरता येईल असे मला वाटत नाही. आणि मांसाहार किंवा वकिली माणूस सोडू शकतो, निदान भाडेकरारापुरती.

फोंडेकर

ताम्हिणीताईंना अनुमोदन. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला. त्यानंतर एका मंत्र्यांनी सगळ्या नायजेरियनांना 'कॅन्सर' म्हटले होते. तेव्हा आमच्या वाड्यावर तावातावाने बोलणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांची स्वतःची मुले पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडातल्या गोदामांत खोकी उचलत होती आणि फोनवर तिथल्या वागणुकीबद्दल रडत होती.

पानशेत

@ताम्हिणी, अनामतीचे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. घरमालकाच्या हक्काबद्दल माझे मत मी पूर्ण सोडलेले नाही. परंतु जागा 'कालच दिली' हे खोटे बोलण्याची गरज का पडावी, याला माझ्याकडे उत्तर नाही. हक्कच असेल तर तोंडावर सांगावे.

कायद्याचा_कीस

@पानशेत, तोंडावर सांगितले तर दावा सिद्ध होतो, म्हणून सौजन्य वापरतात.

रेवती_म

थोडे विषयाच्या कडेने, पण हाले सोडून नाही. आजच्या घाना देशातील आक्सिमजवळून लहानपणी युरोपात आणला गेलेला आन्टोन विल्हेल्म आमो १७२७ मध्ये हाले विद्यापीठात दाखल झाला आणि पुढे तिथे त्याने तत्त्वज्ञान शिकवले. १७२९ मध्ये त्याने वाद घातला तो युरोपातील आफ्रिकनांच्या कायदेशीर हक्कांवर. त्याचे पुढचे लेखन उपलब्ध आहे, नेमका हाच प्रबंध मात्र हरवला. आमोही १७४७ च्या सुमारास आफ्रिकेला परत निघून गेला.

अनुराधा_एसेन

म्हणजे तीनशे वर्षे झाली तरी टिपण दोघांच्या सहीने ठेवावे लागते. कीसकाका, आपला सल्ला आमोच्या काळी हवा होता.

सालेकाठचा

सात आठवड्यांनी परत येत आहे. मधल्या काळात पुष्कळ मंडळींनी विचारणा केली, त्याबद्दल आभार.

मी आग्रह धरला नाही. टिपणाची प्रत त्याच्या हाती दिली आणि मुदतीची तारीख सांगितली, एवढेच केले. त्याने ती निळ्या फाइलमध्ये अगदी मागच्या पाकिटात ठेवली आणि तीन आठवडे विषय काढला नाही. मग एका रात्रपाळीत त्याने विचारले, "दोन महिने म्हणजे फोनच्या दिवसापासून, की पत्र पोहोचण्याच्या दिवसापासून?" आम्ही सल्लाकेंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी पत्राचा मसुदा केला. त्याने त्यातले 'अपमान' असलेले एक वाक्य स्वतः खोडले आणि म्हणाला, की भावनांचे पैसे मागायचे नाहीत, जागेचे कारण विचारायचे. पत्र मुदतीत पोहोचले. उत्तर असे आले, की कार्यालयातल्या नव्या शिकाऊ कर्मचाऱ्याकडून गैरसमज झाला होता आणि दुसरी एखादी जागा दाखवायला आम्हाला आनंद वाटेल. ती जागा पाहायला तो गेला नाही. दावा पुढे न्यायचा की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही आणि मी विचारलेले नाही.

घर मिळाले ते दुसऱ्याच वाटेने. आमच्या विभागात पहाटे फरशी पुसणाऱ्या बाई हालेच्या नॉयश्टाट भागात, पूर्व जर्मनीच्या काळातल्या काँक्रीटचे तयार फलक जोडून बांधलेल्या इमारतीत राहतात. ती इमारत एका सहकारी गृहसंस्थेची आहे. त्या साठीच्या आहेत, फारशा बोलत नाहीत आणि निवडणुकीत कोणाला मत देतात हे विचारायचे धाडस मला झालेले नाही. शेजारची जागा रिकामी होणार हे कळल्यावर त्यांनी संस्थेच्या कार्यालयात जाऊन सांगितले, की माझ्या ओळखीचा माणूस आहे, वेळेवर येतो आणि पादत्राणे पुसून आत शिरतो. मित्राने संस्थेचे शेअर विकत घेतले, करार झाला. दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट नाही. कराराची प्रत व्हिसाच्या कागदांत गेली आहे.

श्टुटकर

पादत्राणे पुसून! मी फडक्याबद्दल म्हणालो होतो तेव्हा सगळे माझ्यावर तुटून पडले. अभिनंदन कळवा.

अनुराधा_एसेन

फार बरे वाटले. बेलच्या पाटीवर नाव कसे लावले?

सालेकाठचा

अनुराधाताई, इमारतीच्या देखरेखकाने सांगितले, की पाटीवर चौदाच अक्षरे बसतात, तेव्हा आडनावापुरते ठेवा. याने पूर्ण नाव लिहून दिले. पहिली पाटी आली तिच्यात दोन अक्षरे चुकली होती, ती त्याने परत केली. दुसरीत एक चुकले होते, तीही परत केली. तिसरी काल लागली. दोन ओळी आहेत, अक्षरे मुंगीएवढी झाली आहेत, आणि खालच्या ओळीत पत्नीचे नाव आहे.

अनुराधा_एसेन

मुंगीएवढी म्हणजे नेमकी किती मिलिमीटर, ते त्याला विचारून कळवा. आमचीही पाटी बदलायची आहे.